पिनियनचा तेविसावा दाता

आमच्या ट्रॅकची सर्वांत लांब सरळ बाजू ३८ पावलांची आहे, म्हणजे साधारण २८ मीटर. लातूर एमआयडीसीच्या मागं एक मोकळं रान आहे. दिवाळी झाली की आम्ही सात-आठ जण कुदळ-फावडी घेऊन तिथं जमतो, काळ्या मातीवर मुरमाचा थर टाकतो, पाणी मारून धुमसानं दाबतो आणि ठिबकच्या जुन्या नळ्या गाडून वळणं आखतो. मग मृगापर्यंत दर रविवारी तिथं १/१० मापाच्या रिमोटच्या गाड्या पळतात. पाऊस लागला की काळी माती चाकांना अशी धरते की गाडी जागची हलत नाही. तेव्हा चार-पाच महिने सुट्टी.

ती ३८ पावलं मी फार उशिरा मोजली. गेल्या दोन हंगामांत मोटरीपायी माझे जे पैसे गेले, त्यातले बरेचसे तेवढं आधी मोजलं असतं तर वाचले असते. आमच्याकडं नवीन येणारा प्रत्येक पोरगा पहिला प्रश्न हाच विचारतो, "कमी पैशात जोरात पळणारी मोटर कुठली?" त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून माझ्या बाबतीत काय काय झालं ते सविस्तर लिहितोय.

मी एका दालमिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. मोटरींशी रोजचा संबंध. मिलमधल्या मोटरीच्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं: किती एचपी, किती व्होल्ट, फुल लोडला किती ॲम्पिअर, १४४० आरपीएम. पाटी वाचली की मोटर कळली. रिमोटच्या गाडीच्या मोटरीवर बहुतेक वेळा एकच आकडा असतो, टर्नचा नाहीतर केव्हीचा, आणि बाकी रंगीत स्टिकर. पाटीवरून मोटर ओळखायची सवय असलेल्या माणसाला हा एक आकडाच सगळं सांगतोय असं वाटतं. मलाही तसंच वाटलं.

माझी गाडी म्हणजे सेकंडहँड घेतलेली फोर व्हील ड्राइव्ह बग्गी. तिच्यात ब्रशवाली ५४० मोटर होती. ५४० हे मापाचं नाव, जपानच्या माबुची कंपनीच्या आरएस-५४० या मोटरीवरून रूढ झालेलं. जपानच्याच तामिया कंपनीच्या गाड्यांच्या किटमध्ये येणारी चंदेरी डब्याची मोटर याच मापाची. ३६ मिलिमीटर व्यास, ५० मिलिमीटरच्या आसपास लांबी, शाफ्ट इंचाचा आठवा भाग म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, बसवायच्या स्क्रूंच्या भोकांत २५ मिलिमीटर अंतर. या मापाची मोटर कुठल्याही कंपनीची असो, ब्रशची असो की ब्रशलेस, जुनीच्या जागी नवी तशीच बसते. कमी पैशात खेळणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय नाही. मोटर बदलली म्हणून गाडी बदलावी लागत नाही.

पहिल्या हंगामात एप्रिलच्या दुपारी ती मोटर जळाली. वास आला तेव्हाच मला कळलं, कारण तो वास माझ्या लहानपणापासूनचा आहे. माझ्या मामांचं औशाला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथंच असायचो. जळालेल्या वार्निशचा वास, फरशीवर तांब्याच्या तारेचे तुकडे आणि दारात मोटरी घेऊन बसलेले शेतकरी. त्याच संध्याकाळी मोटर खिशात घालून मी औशाला गेलो.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एप्रिल-मे म्हणजे मामांचा सुगीचा काळ. बोअरचं पाणी खाली गेलेलं, व्होल्टेज कमी, आणि पाच-साडेसात एचपीच्या सबमर्सिबल रांगेनं जळालेल्या. मामांनी माझी मोटर तळहातावर घेऊन फिरवून बघितली.

"ही कशाची रे? पंख्याची तर न्हाई."

"गाडीची आहे मामा. रिमोटच्या."

"ठेव. गिऱ्हाइकं गेली की उघडू."

रात्री साडेनऊला त्यांनी डब्याचे वाकवलेले कान सरळ करून ती उघडली. आतलं आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, तीन पोलचं, तिन्ही कॉईल काळ्या पडलेल्या. मामा एक कॉईल उलगडू लागले आणि तोंडानं वेढे मोजू लागले. सत्तावीस. दुसरी मोजली, सत्तावीस. मोटरीवर २७ टी असं छापलेलं होतं, टी म्हणजे टर्न, वेढे. वर्षभर मी तो आकडा वाचत होतो, पण तो माझ्यासाठी मॉडेल नंबरसारखा होता. त्या रात्री तो पहिल्यांदा तांब्याच्या वेढ्यांचा झाला.

वेढे कमी केले तर तेवढ्याच जागेत जाड तार बसते, रेझिस्टन्स कमी होतो, तेवढ्याच व्होल्टला मोटर जास्त पळते आणि करंटही जास्त ओढते. वेढे वाढवले तर उलट. मामांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं आहे. त्यांनी २३ गेजची तार काढली आणि तिन्ही पोल हातानं भरले. मग दोन ब्लेडच्या पात्यांवर आर्मेचर आडवं ठेवून कुठली बाजू जड होऊन खाली येते ते बघितलं आणि हलक्या बाजूला एपॉक्सीचा ठिपका लावला. रात्री साडेअकराला मोटर सुरू झाली.

ती चालली, पण शर्यतीला पुरी पडली नाही. ही मोटर मोकळी असताना मिनिटाला पंधरा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि तेवढ्या वेगाला पात्यावरचा बॅलन्स अपुरा पडतो. थरथर होती, ब्रशपाशी ठिणग्या उडत होत्या. मामांना त्याचं वाईट वाटलं. मला मात्र त्या रात्रीचं मोल फार वाटतं. पुढं मोटर निवडताना जे जे समजलं ते त्या सत्तावीस वेढ्यांच्या आधारानं समजलं.

नवी ब्रशवाली ५४० तेव्हा मला आठशे रुपयांत मिळत होती, आणि सुरुवात करणाऱ्याला आजही मी तीच घ्यायला सांगतो. पण मला तेव्हा वेग हवा होता. आमच्यातल्या एकाचं गंजगोलाईजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, ब्रशलेस घे. ब्रशलेसमध्ये कॉईल बाहेर स्थिर, लोहचुंबक आत फिरणारं, कार्बन ब्रश नाहीत, म्हणजे घासायला काही नाही. वीज कुठल्या कॉईलला कधी द्यायची ते बाहेरचा स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी ठरवतो. बोलणं बरोबर होतं. मी ऑनलाइन शोधायला लागलो आणि तिथं चुकलो. सगळ्यांत मोठा आकडा असलेली सगळ्यांत स्वस्त मोटर घेतली. ४३०० केव्ही, चार पोल, सेन्सर नसलेली, ६० ॲम्पिअरच्या ईएससीसकट साडेचार हजार रुपये.

मामांना फोनवर सांगितलं तर ते काळजीत पडले. "चार हजार केव्ही? अरे, आपल्या डीपीवर अकरा केव्ही येतंय. काय घेऊन खेळायलास तू?" त्यांना किलोव्होल्ट वाटलं होतं, आणि त्यांच्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं. इथल्या केव्हीचा अर्थ वेगळा आहे: लोड नसताना एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे. दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी म्हणजे ७.४ व्होल्ट, पूर्ण भरलेली ८.४. तेव्हा ४३०० गुणिले ७.४, जवळपास ३२ हजार फेरे. हा गुणाकार मी दहा वेळा केला असेन. भागाकार एकदाही केला नाही.

तो भागाकार असा. माझ्या गाडीत मोठं चक्र, म्हणजे स्पर, ७० दात्यांचं आहे. मोटरीच्या शाफ्टवरचं पिनियन तेव्हा २३ दात्यांचं होतं. पुढं डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमध्ये, आणखी २.६ पट घट. ७० भागिले २३ गुणिले २.६, म्हणजे ७.९. मोटरीचे ७.९ फेरे तेव्हा चाकाचा एक. चाकाचा व्यास ८५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे २७ सेंटिमीटर पुढं जाते. हिशोब कागदावर ताशी ६४ किलोमीटर येतो.

आता २८ मीटरची सरळ, आणि तिच्या टोकाला ब्रेक मारायचा. तिथं ६४चा वेग कधी येणार? कधीच नाही. माझी गाडी त्याच्या निम्म्याच्या थोडी वर जायची आणि वळण यायचं. म्हणजे मोटर कायम तिच्या खऱ्या फेऱ्यांच्या खूप खाली, दमछाक होत चालायची. मोटर फिरायला लागली की ती स्वतःही उलट व्होल्टेज तयार करते आणि तेच करंटला आवर घालतं. फेरे कमी तर उलट व्होल्टेज कमी, आणि बॅटरी करंट ओतत राहते. मामांच्या भाषेत, "लोड जास्त अन् फिरणं कमी, मग ती करंट ओढणारच की."

हे सगळं मला नंतर कळलं. नवी मोटर लावली त्या रविवारी पहिल्या दोन मिनिटांत गाडी अशी उडाली की सगळे बघत राहिले. तिसऱ्या मिनिटाला ती सुस्त झाली. मिलमध्ये बेअरिंगचं तापमान बघायला इन्फ्रारेड गन असते, ती मी विचारून आणली होती. मोटरीच्या डब्यावर ११२ अंश. (गनबद्दल एक सांगतो. चकचकीत धातूवर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते. डब्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि नेहमी त्याच तुकड्यावर मोजा. आणि कोविडमध्ये कपाळ बघायला घेतलेली गन याला चालत नाही, तिची मजल अंगाच्या तापापुरतीच.)

गार झाल्यावर मोटर फिरली. वरवर सगळं ठीक. पण गाडीत जीव राहिला नव्हता. वळणातून बाहेर पडताना ओढ नाही, आणि दीड मिनिटात पुन्हा तापायची. वायरींत शॉर्ट नव्हता, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा. मग बिघडलं काय?

ते शोधलं मामांच्या ड्रिल मशीननं. त्यांचं उभं ड्रिल मिनिटाला २८०० फेरे घेतं. चकमध्ये मोटरीचा शाफ्ट धरला, डबा शिकंजात पकडला, तीनपैकी दोन वायरींना मल्टिमीटर एसीवर लावला आणि ड्रिल सुरू केलं. मोटर आता जनरेटर झाली. ०.३९ व्होल्ट. मोबाइलवाल्या मित्रानंही तीच मोटर घेतली होती आणि त्याची धड होती, तिला त्याच ड्रिलवर ०.४६. आकड्याला १.४१४नं गुणून त्यानं २८०० ला भागलं की ढोबळमानानं केव्ही निघतो. मित्राची ४३००, माझी ५०००च्या वर. जळालेल्या मोटरीचा केव्ही वाढला होता!

माझा विश्वास बसेना, मामांनी मात्र लगेच ओळखलं. "मॅग्नेट मेलंय." ब्रशलेसच्या रोटरमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या भागात, निओडिमियमचं लोहचुंबक असतं. साध्या प्रतीचं ८० अंशांपर्यंत टिकतं, एच प्रतीचं १२०, एसएच प्रतीचं १५०. त्यापुढं गेलं की त्याची शक्ती कमी होते आणि गार झाल्यावर परत येत नाही. चुंबक कमजोर झालं की तेवढ्याच व्होल्टला मोटर जास्त फेरे घेते, पण प्रत्येक ॲम्पिअरमागं ओढ कमी देते. स्वस्तातल्या मोटरीत कुठल्या प्रतीचं चुंबक घातलंय हे कुणी लिहीत नाही. ही ड्रिलची चाचणी पाच मिनिटांची आहे आणि कुठल्याही गावात ड्रिल मशीन असतंच. सेकंडहँड ब्रशलेस मोटर घेणाऱ्यानं ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दोष सगळा मोटरीचा नव्हता. तिलाच १६ दात्यांचं पिनियन लावलं असतं तर कागदावरचा वेग ताशी ४५वर आला असता आणि ती वाचली असती. पण माझ्या गाडीत १९च्या खाली पिनियन बसत नाही, मोटर सरकवायची खाच तिथं संपते. म्हणजे ४३०० ही माझ्या गाडीसाठी आणि आमच्या ट्रॅकसाठी मुळातच चुकीची होती. दुसऱ्या कुणाच्या लांब डांबरी ट्रॅकवर, हलक्या गाडीत, ती छान चालली असती.

पाऊस लागला. सुट्टीच्या त्या महिन्यांत मी रानात जाऊन पावलं मोजली, वही घेतली आणि हिशोब उलट्या बाजूनं मांडला. आधी ट्रॅक, मग वेग, मग गिअर, आणि शेवटी मोटर. ट्रॅकला ताशी ४५च्या वर काही लागत नाही. मुरमावर चाकाला धरच इतका कमी असतो की जास्तीची ताकद धूळ उडवण्यात जाते. माझ्या गाडीत २१ ते २४ दात्यांची पिनियन सहज मिळतात आणि नीट बसतात. यातून मोटर निघाली सुमारे ३००० केव्हीची.

सेन्सर असलेल्या शर्यतीच्या मोटरींना केव्हीपेक्षा टर्ननं ओळखतात. बाहेरच्या देशांतल्या स्पर्धांत स्टॉक वर्गाला टू व्हील ड्राइव्ह बग्गीसाठी १७.५ टर्न आणि फोर व्हीलसाठी १३.५ टर्न अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते, म्हणजे सगळ्यांच्या मोटरी सारख्या आणि फरक हाताचा. १३.५ टर्न साधारण ३०००च्या घरात येते. माझं उत्तर तयारच होतं. मामा मात्र साडेतेरावर अडले.

"अर्धा वेढा कसा असंल? वेढा एकतर हाय न्हाईतर न्हाई."

मी त्यांना चित्र काढून दाखवलं. तार ज्या टोकानं आत गेली त्याच्या उलट्या टोकानं बाहेर काढली की शेवटचा वेढा अर्धाच होतो. ते चित्राकडं बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बरोबर हाय. आपण दोन्ही टोकं एकाच बाजूला काढताव, म्हणून ध्यानात आलं न्हाई."

सेन्सरबद्दल मी आधी निष्काळजी होतो. पैसे वाचवायचे तर सेन्सर कशाला, असं वाटायचं. सेन्सर नसलेली मोटर थांबलेली असताना रोटर कुठं आहे ते ईएससीला कळत नाही, तो अंदाजानं सुरुवात करतो आणि गाडी हिसके देते. मोठ्या मैदानात गाडी पळवायची असेल तर त्यानं काही बिघडत नाही. आमच्या ट्रॅकवर दोन वळणं इतकी आवळ आहेत की गाडी जवळपास थांबते, आणि तिथंच शर्यत ठरते. तिथं सेन्सर हवाच. मोटरीत तीन हॉल सेन्सर बसवलेले असतात, ते रोटरची जागा सतत कळवतात, आणि गाडी मुंगीच्या चालीनंसुद्धा गुळगुळीत निघते.

नवी १३.५ टर्न मोटर आणि सेन्सरवाला नवा ईएससी एकदम घेणं मला परवडणारं नव्हतं. मी दोन टप्प्यांत केलं. ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या एका शौकिनाकडून वापरलेली मोटर २२०० रुपयांत घेतली. बोली अशी की आधी तपासणार, मग पूर्ण पैसे. मामांच्या ड्रिलवर केव्ही जागेवर निघाला. तिन्ही फेज सारख्या. शाफ्ट फिरवला की बारीक खरखर येत होती, बेअरिंग गेलेलं. मामा म्हणाले बदलू, आणि आम्ही लातूरच्या बाजारात गेलो. तिथं ६२०४ हवं तेवढं मिळतं, पण हे बेअरिंग इंचाच्या मापाचं, भोक १/८, बाहेरचा व्यास ३/८, जाडी ५/३२. चार दुकानं फिरलो, मिळालं नाही. शेवटी ऑनलाइन जोडी मागवली, साडेतीनशे रुपये. बसवताना मामांनी नट आणि वॉशर लावून ते दाबून बसवलं, हातोडी जवळ येऊ दिली नाही. सबमर्सिबलवर दणके घालणारे तेच हात इतके हळू चालताना मी पहिल्यांदा बघितले.

जुना ६० ॲम्पिअरचा ईएससी वाचला होता. सेन्सरची वायर न लावता त्याच्यावरच ही मोटर चालवली. सुरुवातीला हिसके, पण एकदा निघाली की ठीक. जानेवारीत तीन हजार जमले तेव्हा वापरलेला सेन्सरवाला ईएससी घेतला. वायर जोडून पहिल्यांदा ट्रिगर दाबला आणि गाडी आवाज न करता सरकली. माझ्या अंगावर काटा आला.

मध्येच एक नुकसान झालं ते सांगून टाकतो. घाईत ०.६ मॉड्यूलचं पिनियन आणलं, गाडीचा स्पर ४८ पिचचा (मॉड्यूल आणि पिच, दोन्ही दात्यांच्या आकाराची मापं). डोळ्यांना दाते सारखेच दिसतात, पण ४८ पिच म्हणजे ०.५३ मॉड्यूल. एका बॅटरीत स्परचे दाते खाल्ले. तेव्हापासून पाकिटावरचं पिच वाचल्याशिवाय मी पिनियन हातात घेत नाही. आणि मेश, म्हणजे दात्यांची पकड, लावताना दोन चक्रांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करतो. पट्टी फाटता कामा नये, नुसती दुमडून बाहेर यावी.

सगळ्यांत आनंदाचा दिवस म्हणजे जानेवारीचा शेवटचा रविवार. त्या दिवशी मी शर्यत केली नाही, नुसती चाचणी केली. चार पिनियन, तीन बॅटऱ्या, वही, गन, आणि घड्याळ धरायला आमच्यातले एक सर, जे कोचिंगला फिजिक्स शिकवतात. प्रत्येक पिनियनवर पाच मिनिटं, मग लगेच तापमान. बाहेर २९ अंश. २१ दात्यांवर मोटर ५८ अंश, ट्रॅकची सरासरी फेरी १७.४ सेकंद. २२वर ६४ आणि १७.०. २३वर ७२ आणि १६.७. मग २४ लावलं. पहिल्या दोन मिनिटांत फेऱ्या १६.६च्या आल्या, सगळ्यांत जलद. तिसऱ्या मिनिटापासून घसरत घसरत १७.३वर गेल्या, आणि तापमान ८९. सरांनी तिथंच मातीवर काडीनं आकडे मांडले. तांबं दहा अंशांनी तापलं की त्याचा रेझिस्टन्स सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. साठ अंशांनी तापलं तर जवळपास पाव पटीनं. तेवढी ताकद गाडीला न जाता उष्णतेत जाते, आणि त्या उष्णतेनं रेझिस्टन्स आणखी वाढतो. मोठ्या पिनियननं पहिल्या मिनिटात जे कमावलं ते चौथ्यात गेलं, आणि आमची शर्यत पाच मिनिटांची असते.

माझी मर्यादा मी डब्यावर ८० अंश ठरवली आहे, कारण आतली कॉईल डब्यापेक्षा जास्तच तापलेली असते. तेव्हा २३. मे महिन्यात, बाहेर ४१ असताना, तेच २३ दाते ८७वर गेले. एक दाता कमी केला, ७८. आता मी वहीत लिहून ठेवलंय: होळीपर्यंत २३, नंतर २२.

मोटरीच्या मागच्या झाकणावर टायमिंग, म्हणजे कॉईलला वीज किती आधी मिळावी ते, फिरवायची सोय असते. ती दहा अंशांनी पुढं नेऊन बघितली. फेरे वाढले, तापमान नऊ अंशांनी वाढलं, फेरीच्या वेळेत मला फरक दिसला नाही, म्हणून परत जागेवर आणली. धुळीचा त्रास मात्र खरा आहे. या मोटरींना हवा खेळायला भोकं असतात आणि आमच्या मुरमाची धूळ पिठासारखी. पातळ कापडाचं आवरण घालून बघितलं, तापमान सहा अंशांनी वाढलं, काढून टाकलं. आता प्रत्येक बॅटरीनंतर ब्लोअर मारतो आणि दोन-तीन रविवारांनी बेअरिंगला तेलाचा एक थेंब. तेवढ्यावर भागतं.

बॅटरीचं मी शेवटी सांगतोय, पण तपासायची ती सगळ्यांत आधी. माझी एक जुनी लिपो ट्रिगर पूर्ण दाबला की ६.५ व्होल्टवर यायची. नवी ७.१च्या खाली येत नाही. सहा दशांश व्होल्ट गुणिले ३०००, म्हणजे मिनिटाला १८०० फेरे नुसते बॅटरीत हरवलेले. मोटर कमजोर वाटली की आधी बॅटरी बदलून बघावी. आमच्यातल्या दोघांचा नव्या मोटरीचा खर्च एवढ्यानंच वाचला.

माझ्या गाडीच्या आत्ताच्या मोटरीवर, ईएससी, बेअरिंग आणि चार पिनियन धरून, साडेसहा हजार गेले. दोन हंगामांतल्या आमच्या रविवारच्या शर्यतींत ती सगळ्यांत महाग गाडी नाही आणि सरळ बाजूवर सगळ्यांत जोरातही नाही. तिसऱ्या मिनिटानंतर मात्र ती पुढं यायला लागते.

गेल्या महिन्यात नववीतला एक मुलगा वडिलांबरोबर रानात आला. टू व्हील ड्राइव्ह गाडी, ब्रशवाली मोटर, आणि खिशात अडीच हजार. त्याला ब्रशलेस हवी होती. मी त्याला आधी सरळ बाजू चालायला लावली, त्याच्या पावलांनी ती ४४ भरली. मग वहीत दोघांनी मिळून भागाकार केला. त्याची ५४० धड आहे, बॅटरी मात्र संपत आलेली. पैसे बॅटरीला जाणार हे त्याच्या वडिलांना पटलं, त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. येत्या रविवारी त्याची गाडी १९ दात्यांवर सुरू करायची आहे. मिलमधून गन मी आणतो म्हणालोय, काळी टेप तो आणणार आहे.